थिबा राजाचं माणिक म्हणून आलेला खडा मी कसा तपासतो

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आजीच्या डब्यात कुड्यांसारखा एक जोड आणि एक अंगठी निघालीये, दोन्हीत मधे लाल खडा आणि भोवती हिरे, आणि घरात सांगतात की रत्नागिरीला ब्रह्मदेशाचा थिबा राजा नजरकैदेत होता त्याच्याकडून पणजोबांनी घेतलेला ऐवज आहे, तर हे खरं आहे का आणि ब्रह्मदेशाच्या राजघराण्याचे दागिने असायचे तरी कसे. मी गेली तीसेक वर्षं खडे तपासायचं काम करतोय, आधी झवेरी बाजारात आणि आता इथे कोकणात, आणि "थिबाचं माणिक" म्हणून टेबलावर आलेले नग दोन हातांच्या बोटांवर मावणार नाहीत एवढे झाले. त्यातलं एकही राजाचं आहे असं मी आजवर लिहून दिलेलं नाही. राजाचं नाही असंही लिहून दिलेलं नाही. का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, बर्माच्या दरबारी दागिन्यात माणिक घरचं आणि हिरा पाहुणा. मंडालेच्या उत्तरेला डोंगरात मोगोक म्हणून गाव आहे, तिथल्या संगमरवरात ही माणकं तयार झाली, भारताचा भूखंड आशियावर जाऊन आदळला त्या रेट्यात चुनखडीचा संगमरवर झाला आणि त्यातच हे लाल दाणे धरले. त्या दगडात लोखंड जवळजवळ नाही आणि क्रोमियम मात्र आहे, सगळी जादू इथेच आहे बघा, क्रोमियममुळे रंग लाल होतो आणि लोखंड नसल्यामुळे उन्हातल्या यूव्हीने खडा स्वतःच लाल उजेड सोडतो, म्हणजे निखाऱ्यावर फुंकर मारल्यासारखा आतून पेटलेला दिसतो. थायलंडच्या माणकात लोखंड जास्त, ते हा उजेड दाबून टाकतं, म्हणून तो माल काळपट लाल मारतो. बर्मी लोक सर्वात चांगल्या रंगाला "खो-थ्वे" म्हणतात, कबुतराचं रक्त. आणि माणकाला त्यांचा शब्द "पदम्या", हा आपल्या पोथ्यांमधला पद्मरागच, पाली भाषेतून तिकडे गेलेला. नीलमला "नीला", मुकुटाला "मगाइक", म्हणजे मुकुटच. हिऱ्याला मात्र "सेइन", तो शब्द आपल्याकडचा वाटत नाही, गंमत अशी की माणिक त्यांचं आणि शब्द आपला, हिरा आपला आणि शब्द त्यांचा.

हिरे बर्मात अगदी किरकोळ निघतात, नदीच्या गाळात चुकूनमाकून. दरबाराला पुरतील एवढे बाहेरूनच यायचे. जुन्या काळी जगभर जे हिरे फिरत होते ते गोवळकोंड्याच्या बाजारातले, अठराव्या शतकात ब्राझीलचे सुरू झाले, १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेचे. म्हणून बर्मी दागिन्यातल्या हिऱ्याचा कट बघितला की तो कुठल्या जमान्यातला ते थोडंफार कळतं, माणकावरून ते कळत नाही. हे पुढे कामाला येईल.

माणिक बर्माचं आणि हिरे बाहेरचे ही जोडी इतकी पक्की आहे की इंग्लंडच्या राणीपर्यंत गेली. एलिझाबेथच्या लग्नात १९४७ साली बर्माच्या लोकांनी ९६ माणकं भेट दिली, ९६ का तर त्यांच्यात समजूत आहे की माणसाला ९६ रोग होतात आणि एकेक माणिक एकेकापासून वाचवतं. आणि त्याच लग्नात हैदराबादच्या निजामाने हिऱ्यांचा टियारा, म्हणजे डोक्यावर घालायचा मुकुटासारखा दागिना, दिला होता. १९७३ मध्ये तो निजामाचा टियारा मोडला, ते हिरे आणि ही माणकं एकत्र करून गॅरार्ड या लंडनच्या जवाहिऱ्यांकडून नवीन टियारा बनवून घेतला. बघा, दोन राजेशाही नग होते, एक मोडला, दुसरे सुटे होते, आणि तिसराच दागिना झाला. तिथल्या राजघराण्यात सगळं कागदावर असतं म्हणून आपल्याला कळतं की कुठला हिरा कुठला. तुमच्या-माझ्या घरी असा कागद नसतो.

आता दरबारी दागिने. कोनबाउंग घराणं १७५२ ते १८८५, थिबा त्यातला शेवटचा, आपल्याला माहिती असलेलं बहुतेक सगळं या काळातलं. तिथे दागिना ही आवडीनिवडीची गोष्ट नव्हती, हुद्द्याची होती. "साल्वे" म्हणून सोन्याच्या साखळ्यांचा पट्टा असायचा, जानव्यासारखा खांद्यावरून तिरपा, आणि त्याच्या पदरांच्या संख्येवरून माणूस केवढा ते कळायचं, राजाचे २४ पदर आणि खाली अधिकाऱ्यांचे उतरत उतरत तीनपर्यंत. गळ्यात "दलिझान" असायचं, सोन्याच्या छोट्या छोट्या पत्र्यांची जाळी छातीभर पसरलेली. कानात "नदाउंग", म्हणजे कानाच्या पाळीचं भोक मोठं करून त्यात बसवायची नळी, तिच्या तोंडाशी माणिक किंवा हिरे, आणि मुलींचा कान टोचायचा समारंभ तर लग्नासारखा करायचे. नंतर "नगत" आलं, ते अगदी आपल्या कुडीसारखं, मधे एक हिरा आणि भोवती फुलासारखे बाकीचे, ते आजही बर्मी बायका घालतात. पायात सोन्याचे वाळे फक्त राजघराण्यातल्या मुलांना. आपल्याकडे पण पायात सोनं घालत नाहीत ना, आपण लक्ष्मीचं कारण सांगतो, तिकडे राजाची भीती असायची. नवरत्नाची अंगठी पण त्यांच्यात होती, नाव तेच, आणि मधे माणिक, कारण सूर्य मधे.

सोन्याबद्दल एक गोष्ट जी फार लोकांना माहिती नसते. बर्मी सोनार चांगल्या टंचाचं सोनं वापरायचे आणि वर चिंचेची प्रक्रिया करून त्याला लालसर छटा आणायचे, त्यांना पिवळं सोनं फिकं वाटायचं. जुन्या नगाच्या खाचाखोचांत, जिथे बोट पोचत नाही तिथे, ती केशरी लाली अजून दिसते. उजळवायला दिलं की गेली. मी दोन वेळा असं बघितलंय की गिऱ्हाईकाने माझ्याकडे आणायच्या आधी "स्वच्छ दिसावं" म्हणून सोनाराकडून पॉलिश करून आणलं, आणि नेमकी जी खूण बघायची होती ती गटारात. डोक्याला हात लावून बसलो.

बरं, थिबाकडे किती होतं आणि ते गेलं कुठे? नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रज मंडालेला पोचले, २८ ला राजाने शरणागती दिली, २९ ला त्याला राणी सुपयालतसकट बोटीवर चढवला. मधल्या रात्री राजवाड्यावर गोऱ्यांचा पहारा होता पण बायकांना ये-जा करायला मोकळीक होती, आणि त्या मोकळिकीत जे जायचं ते बोचक्यात बांधून गेलं. वर सैनिकांनी आणि अधिकाऱ्यांनी उचललं ते वेगळंच. जे सरकारी म्हणून मोजलं गेलं त्यातलं बरंच लंडनच्या म्युझियममध्ये गेलं, आता जे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून आहे तिथे, आणि १९६४ मध्ये ते बर्माला परत केलं. तेव्हा बर्मा सरकारने आभार म्हणून एक नग त्यांनाच ठेवायला दिला, पक्ष्याच्या आकाराचा सोन्याचा विड्याचा डबा, माणकं जडवलेला. लंडनला कधी गेलात तर बघा. बाकीचं यांगूनच्या नॅशनल म्युझियममध्ये. मंडालेचं सामान जगात फार थोडं असं आहे की ज्याच्याबद्दल बोट ठेवून सांगता येतं, हे राजाचं.

आणि मग ते न्गा माउक माणिक, ज्याच्याबद्दल दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं. दंतकथा अशी की न्गा माउक नावाच्या मोगोकच्या माणसाला मोठा खडा सापडला, ठरावीक किमतीच्या वरचा खडा राजाचा असा कायदा होता, याने खडा दोन तुकड्यात फोडला, अर्धा राजाला दिला आणि अर्धा गुपचूप परदेशी विकला, तो तुकडा हिंदुस्थानातून फिरत फिरत परत राजाकडेच आला, दोन्ही तुकडे एकाला एक बरोब्बर जुळले, आणि राजाने त्याला कुटुंबासकट जाळलं. परत आलेल्या तुकड्याचं नावच "हिंदुस्थानातून परतलेला" अशा अर्थाचं पडलं. लोक मला विचारतात माणिक असं सपाट फुटतं का. हिरा ठरावीक दिशांनी कापल्यासारखा चिरतो, माणकाला तसं नसतं, पण स्फटिकात जुळे थर असले तर त्या सपाटीवर ते सुटू शकतं, त्यामुळे तुकडे जुळले ही गोष्ट अगदीच अशक्य कोटीतली नाही, जाळलं की नाही ते इतिहासवाल्यांना विचारा.

थिबाचं म्हणणं असं होतं की मंडाले सोडायच्या वेळी हे माणिक आणि बाकी मौल्यवान वस्तू त्याने कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याकडे सांभाळायला दिल्या आणि त्या कधी परत आल्या नाहीत. रत्नागिरीतून त्याने यासाठी सरकारकडे वर्षानुवर्षं लिहिलं, १९११ मध्ये पंचम जॉर्ज आला तेव्हासुद्धा. स्लेडन तोपर्यंत मरून वीसेक वर्षं झाली होती. हाती काही लागलं नाही. आता फॉरवर्डमध्ये फिरतं की ते माणिक इंग्लंडच्या मुकुटात समोर बसवलंय. नाही हो. मुकुटातला तो मोठा लाल खडा, ब्लॅक प्रिन्सचा म्हणतात तो, चौदाव्या शतकापासून इंग्लंडात आहे आणि मुळात तो माणिकच नाहीये, तो स्पिनेल आहे, आपले जुने जोहरी ज्याला लालडी म्हणायचे ते. न्गा माउक जर कोणी परत कापून घेतलं असेल, नवीन पैलू पाडले असतील, तर ते आज कोणाच्या तरी गळ्यात असेल आणि त्याला स्वतःलाही माहिती नसेल. खडा कापला की त्याची ओळख गेली, वजन बदललं, आकार बदलला. लॅबमध्ये मोगोकचा आहे एवढं कळेल, बस.

रत्नागिरीचं सांगायचं तर एप्रिल १८८६ मध्ये थिबा इथे आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच गेला. राजवाडा तर १९१० मध्ये पुरा झाला, त्याआधी जवळजवळ २५ वर्षं तो बंगल्यातच राहिला. बरोबर आणलेलं जडजवाहीर होतं, पेन्शन पुरत नव्हती, राजाचा हात सढळ, नोकरचाकर भरपूर, मग दागिने विकायला लागला. घेणारे इथले सावकार-व्यापारी. अडलेल्या माणसाचा माल कशा भावात जातो ते काही मी सांगायला नको. म्हणजे तुमच्या पणजोबांची गोष्ट अशक्य अजिबात नाही, अशी खरेदी झालेली आहे. पण विकत घेणारा काय करायचा ते बघा. त्याला ती छातीभर सोन्याची जाळी किंवा पाळीत अडकवायची नळी घरात कोण घालणार होतं? तो सोनं आटवायचा, माणिक वेगळं विकायचा, हिरे वेगळे, आणि घरच्यासाठी ठेवलेले खडे कुडीत, नथीत, अंगठीत बसवायचा, आपल्या घाटात. थिबाचे खडे रत्नागिरीत, मुंबईत असतील, खात्रीने असतील. थिबाचे दागिने म्हणून शोधायला गेलात तर मात्र हाताला काही लागत नाही.

म्हणून मी नग हातात आला की खडा शेवटी बघतो. आधी उलटा करतो. जुन्या दरबारी कामात कोंदण मागून बंद असतं, खड्याखाली डांक, म्हणजे चकाकणारा पातळ पत्रा, कारण तेव्हाचे हिरे रोझकट किंवा पोलकीसारखे चपटे, मागून सपाट, त्यांना स्वतःची चमक कमी, मागे आरसा लागतो. मागून उघडं, नखांनी धरलेलं काम असेल तर ते उशिराचं किंवा युरोपियन पद्धतीचं. शेवटच्या वर्षांत मंडालेला युरोपचा माल पण जात होता, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देत नाही, नुसती नोंद करतो. मग हिरे. आज आपण जो गोल ब्रिलियंट कट बघतो, ५७ पैलूंचा, त्याचं गणित १९१९ मध्ये मांडलं गेलं, थिबा जाऊन तीन वर्षं झाल्यावर. तसे हिरे असतील तर तो नग राजाने घातला असणं शक्यच नाही, फार तर मधला खडा त्याचा असेल आणि बाकी सगळं नंतरचं.

तुमचे फोटो बघितले. अंगठीतले हिरे मला असे गोल ब्रिलियंटच वाटतायत, मागूनही उघडी आहे, हॉलमार्क नसला तरी घाट १९४०-५० च्या आसपासचा. कुड्यांचा जोड मात्र वेगळा आहे, मागे बंद कोंदण, भोवतीचे हिरे रोझकट, आणि सोन्याला कडेच्या खाचेत ती लाली आहे असं वाटतंय, अर्थात मोबाइलच्या फोटोत सगळंच लाल दिसतं. फिरकी आपल्याकडची आहे, ती नंतर लावलेली असणार. त्यामुळे जोड बघायला मी उत्सुक आहे, अंगठीसाठी तेवढा नाही.

खड्याबद्दल. तीन शक्यता, माणिक, लालडी, नाहीतर कारखान्यातलं. लालडी मोगोकलाच माणकाबरोबर निघते, एकाच मातीत, रंगही तसाच, राजांच्या खजिन्यातही ती माणकात मिसळलेली असणार यात मला शंका नाही. फरक असा की माणकातून दोन दिशांनी बघितलं तर दोन लाल दिसतात, एक जरा जांभळट आणि एक जरा केशरी, डायक्रोस्कोप म्हणून बोटाएवढी नळी असते तिच्यात हे लगेच दिसतं, लालडीत एकच रंग. कारखान्यातल्याचं दुखणं मोठं आहे. १९०२ मध्ये व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच माणसाने ज्वाळेत माणिक बनवायची पद्धत जाहीर केली आणि थोड्याच वर्षांत असले खडे जगभर पसरले, त्याने मोगोकमधली इंग्रजांची रुबी माइन्स कंपनी पण जेरीला आली, १९२५ मध्ये ती गुंडाळायला काढली. हे खडे आज शंभर वर्षं जुने आहेत. म्हणजे "आजीच्या आजीचं आहे हो, तेव्हा नकली कुठे होतं" हे जे सगळे म्हणतात ना, तेव्हाच तर होतं! भिंगाखाली त्यात वाकड्या रेषा दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या, आणि कधी बारीक बुडबुडे. खऱ्या मोगोकच्या माणकात रेशमासारख्या अगदी बारीक सुया दिसतात, छोटे पांढरे स्फटिक दिसतात, आणि रंग पाकात साखर विरघळताना वळसे दिसतात तसा फिरलेला. हा वळसा दिसला की मी चहा मागवतो, कारण मग वेळ लागणार असतो.

यूव्ही टॉर्चच्या व्हिडिओंवर जाऊ नका कृपा करून. टॉर्च मारली आणि लाल पेटलं म्हणजे बर्मा, असं सांगतात. बर्मा पेटतंच, पण लालडीही पेटते आणि कारखान्यातलं तर सगळ्यात जास्त पेटतं. आणि बाजारात "ओल्ड बर्मा" आणि "न्यू बर्मा" असं ऐकाल, त्यातलं न्यू बर्मा म्हणजे बऱ्याचदा बर्माशी संबंधच नसलेला माल, मोझांबिकचा नाहीतर काच भरलेला. मोझांबिकचं माणिक वाईट नाही हं, २०२३ मध्ये तिथला ५५.२२ कॅरेटचा खडा ३.४८ कोटी डॉलरला गेला. पण बर्माचा २५.५९ कॅरेटचा, म्हणजे निम्म्याहून लहान, २०१५ मध्येच ३ कोटी डॉलरच्या वर गेला होता, प्रति कॅरेट जवळजवळ दुप्पट. नावाला एवढी किंमत आहे म्हणून नाव चिकटवायचा मोह होतो. आणि एवढं वाचून तुमच्या अंगठीचा हिशोब करायला बसू नका, लिलावातले खडे आणि घरातले खडे यांच्यात विमानतळाएवढं अंतर असतं.

खाण ठरवायची असेल तर लॅबला पाठवावं लागतं, लेझरने सूक्ष्म कण उडवून त्यातलं लोखंड, व्हॅनेडियम, गॅलियम मोजतात, मोगोकच्या मालात लोखंड नगण्य आणि व्हॅनेडियम बऱ्यापैकी, त्यावरून आणि आतल्या खुणांवरून ठरवतात. गरम केलेला आहे का तेही सांगतात. सर्टिफिकेटवर "बर्मा" येऊ शकतं. "थिबा" येणार नाही. ते नाव फक्त कागदावर असतं, म्हणजे पणजोबांची वही, सावकारी खातं, पावती, एखादं पत्र, वाटणीपत्रात दागिन्याचं वर्णन, काहीही. खरं सांगू का, मी तुमच्या जागी असतो तर आधी माळ्यावरची ट्रंक उघडली असती आणि मग जोड तपासायला दिला असता. एका घरात मला असं जुनं वाटणीपत्र दाखवलं होतं त्यात "ब्रह्मी राजाकडील तांबडे खडे नग ४" एवढंच लिहिलेलं होतं, बाकी काही नाही. खडे चारच्या जागी दोन उरले होते, त्यातला एक लालडी. तरी त्या ओळीमुळे मला त्या दोन खड्यांबद्दल जेवढं लिहून देता आलं तेवढं कुठल्या मशीनने दिलं नसतं.

जोड घेऊन या, पण तोपर्यंत सोडा घातलेल्या गरम पाण्यात टाकू नका, ब्रशने घासू नका, आणि सोनाराने "मागून उघडून बघतो" म्हटलं तर हात धरा. बंद कोंदणात पाणी शिरलं की डांक काळी पडते आणि हिरे मेल्यासारखे दिसायला लागतात, आत लाख असेल तर गरम पाण्याने ती सुटते. कोरड्या मऊ फडक्यात वेगवेगळं गुंडाळा, कुड्या आणि अंगठी एका डबीत नको, हिरा माणकाला ओरखडे पाडतो.